करारात नसलेली विहीर

गुरु., ६ नोव्हें.
वर्कशॉप लवकर सुटलं. हवा बदलली, आता कोणाचा एसी बंद पडला तरी घाई नसते. मस्कतच्या त्या टोकाच्या अझैबाहून घरी येईपर्यंत शीळ घालत होतो. गिऱ्हाईक मिळालं. इथेच बौशर भागात राहणारे केळकर, इंजिनियर, मूळ पुण्याचे. मराठी लोकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मी टाकलेले गावच्या घराचे फोटो बघून त्यांनी फोन केला, पंधरा मिनिटांत होय म्हणाले.

सौ. म्हणाली, "पण घर सलीमभाईंचं ना?"

परत समजावलं. घर सलीमभाईंचंच. आपल्या गावचे, आता बायकामुलांसह इथे ओमानातच, इब्राला, तिथल्या सुकात म्हणजे बाजारात भांड्यांचं दुकान. माझ्याकडे आहे त्यांच्याशी केलेलं साठेखत. विसार दिलाय, उरलेले मार्चपर्यंत भरून खरेदी करायची. पण मी घर घ्यायचंच नाही. तो करारच केळकरांना द्यायचा, मधला फरक आपला. यूट्यूबवर मी बघतो ते व्हिडिओवाले याला होलसेलिंग म्हणतात.

"आणि सलीमभाई याला काय म्हणतील?"

चहा मागितला. विषय संपवला.

शनि., ८ नोव्हें.
चिपळूणच्या वकीलबाईंना फोन. प्रश्न आधी कागदावर काढून ठेवले होते, त्यांनी पहिल्यावरच धरलं. जाहिरातीत काय लिहिलंत? म्हटलं, 'घर विकणे आहे'. "घर तुमचं आहे?" नाही. "मग तुम्ही विकताय काय?" करार. "मग तसं लिहा. नाहीतर उद्या तो केळकर म्हणेल, मला फसवलं."

पुढे : साठेखतात करार दुसऱ्याला देण्याबद्दल काही लिहिलंय का? म्हटलं, नाही, म्हणजे मोकळीक. "कोणी सांगितलं? लिहिलेलं नाही म्हणजे वाद. मालकाला सांगा, तिघांचा करार करा, तिघांच्या सह्या." न सांगता नाही का जमणार? "खरेदीखतावर सही कोणाची लागणार? त्यांचीच ना? तेव्हा कळण्यापेक्षा आत्ता कळू दे."

फी मात्र कमी घेतली. बाई चांगली आहे. राग आला तरी चांगली आहे.

रवि., ९ नोव्हें.
ग्रुपवरची जाहिरात काढली. अर्बाबच्या, म्हणजे वर्कशॉपच्या मालकाच्या, कानावर आधीच गेली होती, मस्कत म्हणजे आमच्या वाडीएवढंच. हसत म्हणाला, "इधर दलाली का लायसन्स लगता है. तुम एसी देखो. खलास." मान डोलावली. व्हिडिओत लायसन्सबद्दल कोणी अवाक्षर काढलं नव्हतं, किंवा मी तो भाग पुढे ढकलला असेल.

संध्याकाळी केळकरांनी नकाशा पाठवला. चारी बाजूंनी सहा फूट भिंत, पुढे लोखंडी गेट. हौसेने काढलाय. विहीर भिंतीच्या आत.

नकाशा मोठा करून पुन्हा बघितला.

त्या विहिरीवर चार घरं पाणी भरतात. दोन सलीमभाईंच्या मोहल्ल्यातली, दोन आमच्या वाडीतली, त्यातलं एक माझ्या काकूचं. साठेखत लिहिताना मीच विचारलं होतं, विहिरीचं काय? सलीमभाई म्हणाले होते, "त्यात लिवायचं काय? तू काय परका हायस?" आणि भाव पाडून दिला. म्हणून तर फरक सुटत होता. विहीर कागदावर नाही कारण आम्हा दोघांनाही ती लिहिण्याची गोष्ट वाटली नाही. केळकरांना कागद मिळेल. विहिरीचं कोण सांगणार?

मंगळ., ११ नोव्हें.
काही केलं नाही. दोनदा इब्राला फोन लावला, रिंग जायच्या आत कापला. केळकरांना नुसतं 'बघतो' असं उत्तर.

मनात हिशेब असा की मार्च लांब आहे. सौ.ला बोललो तर म्हणाली, "काकूला तूच फोन करून सांग मग, की विहिरीला कुलूप लागणार."  ते लागलं.

शुक्र., १४ नोव्हें.
इब्राला जाऊन आलो. एकटाच.

सलीमभाई नमाजहून आले, दुकान उघडलं, खजूर पुढे केला. हातात धरून बसलो. सगळं एका दमात सांगितलं : मी घेणार नव्हतोच, पहिल्या दिवसापासून नव्हतो, गिऱ्हाईक आहे, तो भिंत घालणार आहे.

त्यांनी खजुराचा डबा बंद केला. एक बाई भांडी बघून गेली, तिला भाव सांगितला, भांडी परत जागेवर लावली. मग म्हणाले, "दुसरा कोन आसता तर ह्या भावात मी दिलं नसतं. तुला ठाव हाय."

"ठाऊक आहे."

"मग?"

 म्हटलं, करार मोडा, विसार ठेवून घ्या, मी हक्काने बोलायच्या लायकीचा राहिलो नाही. त्यावर भडकले. "तुझा विसार घेऊन मी काय करू? विहिरीचं काय ते बोल."

बिलबुक पुढे सरकवलं. लिव म्हणाले. त्यांनी सांगितलं, मी लिहिलं. विहीर चारी घरांना कायम उघडी. वाट एक बैलगाडी जाईल एवढी. गेट घातलं तर कुलूप नाही. खाली त्यांनी सही केली आणि मलाही करायला लावली. "हे कबूल आसंल तर दे त्याला. नसंल तर तू घे. तुलाबी जमनार नसंल तर आपन बघू, इन्शाल्ला."

निघताना गळ्यात पडलो. थोडे ताठच उभे राहिले, पण पाठीवर थाप मारली.

परतीच्या रस्त्यावर गाडी बाजूला घेऊन तो खजूर खाल्ला. किती हलकं वाटलं ते लिहिता येत नाही. फरक जाईल, विसारही जाईल कदाचित. असू दे.

शनि., १५ नोव्हें.
बिलबुकाचा फोटो वकीलबाईंना पाठवला. "हे पहिल्याच दिवशी लिहायचं होतं." हो बाई. तिघांच्या करारात आणि पुढे खरेदीखतातही पाणी-वाटेचा हक्क घालणार आहेत. गावी जायला रजा नाही, तेव्हा मुखत्यारपत्र वकिलातीतून. सौ.ने आज शिरा केला, कारण सांगितलं नाही.

सोम., १७ नोव्हें.
केळकरांकडे जाऊन सगळं उघड सांगितलं. घराचा मालक मी नाही, हेही. ते म्हणाले, "म्हणजे माझ्या अंगणात रोज चार घरं?" हो. माझ्या फरकातून भाव कमी करायची तयारी दाखवली. भावाचा प्रश्न नाही म्हणाले. त्यांची मिसेस बाजूला बसून बिलबुकाचा कागद वाचत होती. विचार करून सांगतो म्हणाले.

गुरु., २० नोव्हें.
दुपारी केळकरांचा मेसेज. 'मिसेस विचारते आहे, त्या बायका पाण्याला किती वाजता येतात?'

एवढंच. त्रास किती होईल ते बघायचंय, की तिला सोबत हवीय? कळेना. सलीमभाईंना विचारलं. म्हणाले, "सकाळी सातला. पन उन्हाळ्यात पाचला येतात, आनि बोलत बसतात. तेबी सांग."

तेही सांगितलं. पाचला, आणि बोलत बसतात. एक शब्द गोड केला नाही.

त्यांनी वाचलंय. उत्तर अजून नाही.