बाबांचा डावा अंगठा

४ जून

बाबा हसले! पाच महिन्यांत पहिल्यांदा. मी स्वयंपाकघरात होते. हसवलं कुणी? वरच्या भाडेकरूनं — महांतेशनं!

त्यानं आपला क्रिकेटचा व्हिडिओ गेम आणून आमच्या टीव्हीला जोडलाय. दोघांत एकच कंट्रोलर. पॅरालिसिसनंतर बाबांचा उजवा हात चालत नाही, म्हणून डाव्या अंगठ्यानं ते फटक्याची दिशा ठरवतात, आणि बॉल आला की बटण दाबतो महांतेश. बसतात कसे, खांद्याला खांदा लावून! औषधं, आंघोळ, डायपर सगळं मी करायचं. आणि टाळी त्याला.

६ जून

जळफळाट होतोय. लिहिलं की बरं वाटेल म्हणतात. नाही वाटलं.

९ जून

बाबा त्याच्याशी अख्खं वाक्य बोलले. "स्पिनर आहे... पुढे जाऊन... मार." अडखळत, पण अख्खं! माझ्याशी नुसतं "पा" म्हणतात. मी "पाणी?" म्हणत पेला पुढे करते, आणि बोलणं तिथंच संपतं.

महांतेशला विचारलं, काय जादू करतोस रे?

"जादू कसली अक्का? काका सांगेपर्यंत गप बसतो की. स्वल्प वेळ लागतो, एवढंच."

शहाणा! मार्चमध्ये कर्नाटकातल्या अथणीहून आला, आणि मला माझे बाबा समजावून सांगतोय.

१३ जून

महांतेश गावी गेला. बरं झालं! आज त्याच्या जागी मी.

पहिला बॉल. बटण दाबलं. स्क्रीनवर "अर्ली". दुसरा — "अर्ली". तिसऱ्याला त्रिफळा. असे सात गडी घालवले! बाबांचा अंगठा अजून दिशा शोधत असायचा, आणि मी बटण दाबून मोकळी. बाबांनी माझ्याकडे वळून तोंड उघडलं. मी म्हटलं, "दमलात ना? पुरे आज." टीव्ही बंद केला. त्यांनी डोळे मिटून घेतले.

ते दमले नव्हते. आत्ता लिहिताना कळतंय. बोलण्यातही मी रोज अर्लीच असते.

१४ जून

आज दोन्ही हात मांडीखाली दाबून बाबांसमोर बसले. बाबा ओठ हलवायला लागले. माझ्या जिभेवर चार शब्द आले, चारही गिळले. कुकरच्या दोन शिट्ट्या झाल्या, उठले नाही. आणि आलं — अख्खं, माझ्याकडे बघून —

"महांतेश... कधी... येणार?"

इतकी रडले! मग मीच त्याला फोन लावला. उद्याच ये रे.