खडूचा ओके

सोमवार, १८ ऑगस्ट. पेण
आजपासून डोकं शांत. कोणावर ओरडायचं नाही. कारण मृणालीचा होकार आला!

काल तिला सगळं लिहून पाठवलं. कॉलेज का सोडलं (सरांशी भांडण, चूक सरांची), गणपतीच्या कारखान्यात मी किती पुढे गेलोय, तू पहिल्या वर्षापासून आवडतेस, आणि शेवटी: रविवारी रोह्याला येतोय. सकाळी उत्तर: ओके.

साधं ‘हो’ नाही. ओके! आमच्याकडे मूर्ती डोक्यापासून पायापर्यंत तपासल्यावरच मागच्या बाजूला खडूने ओके लिहितात. आमच्या मालकांनी, काळुरामकाकांनी, तो खडू यंदा माझ्याकडे दिलाय. या शब्दाचं वजन मला नाही कळणार तर कोणाला?

मंगळवार
कारखान्यातल्या जितेशला मेसेज दाखवला. म्हणाला, ओके म्हणजे ‘कळलं, आता गप ऱ्हा’. माझी बहीण भाजी आण म्हटलं तरी ओके म्हणते, तिचं काय भाजीवर प्रेम हाय? मी रंगाची वाटी फेकली. (शांत डोकं उद्यापासून.)

नंतर त्याला समजावलं. नुसता ‘के’ आला असता तर काळजी. ‘ओके ओके’ म्हणजे कटकट. हा अख्खा ओके, वर पूर्णविराम. पूर्णविराम कोण उगाच देतं?

गुरुवार, २१
गर्दी. रोह्याच्या मूर्तींवर ओके लिहिले. त्यात मृणालीच्या घरचीही मूर्ती! प्रत्येक ओकेला तिचा ओके आठवला. इतकं सुंदर अक्षर माझं कधीच आलं नव्हतं. काका म्हणाले, आदेश, मूर्तीकडं पण बघ जरा. बघायचं काय त्यात!

रविवार, २४. सकाळ
निळा शर्ट. मूर्ती टेम्पोत. निडी गाव मागे पडल्यावर जितेशला म्हटलं, लग्नात तुला पुढे बसवीन. म्हणाला, ओके.

संध्याकाळ
लिहूच नये.

तिच्या बाबांनी मूर्तीवरचा कपडा काढला. उजवा डोळा रेखलेला. डावा कोरा. मागे माझा सुंदर अक्षरातला ओके. हा ओके कोणी दिलाय, त्यांनी विचारलं. जितेशने माझ्याकडे बघितलं नाही, उपकार त्याचे. मीच म्हटलं, मी. न बघताच नाय? ते म्हणाले. व्हय, म्हटलं.

मृणालीने मला बाजूला घेतलं. म्हणाली, शिफ्टला जाताना मेसेज बघितला रे, एवढा लांब. शेवटची ओळ तेवढी वाचली. वाटलं, गणपती घेऊन येतोयस. वर काय होतं?

काही नाही, कारखान्याचंच, म्हटलं. पण तिने मोबाइल काढला आणि माझ्यासमोर सगळं वाचलं. मी चपलेकडे बघत होतो. सॉरी आदेश, नाय, म्हणाली. मग मूर्तीपाशी जाऊन तिने अंगठ्याने माझा ओके पुसला.

येताना मूर्ती मांडीवर घेऊन बसलो. कारखान्यात काकांनी माझ्याकडचा खडू घेऊन जितेशच्या हातात दिला. ओरडले असते तर मलाही ओरडता आलं असतं.

मृणालीला लिहिलं: डोळा रेखून उद्या मूर्ती पाठवतो. तपासणार जितेश.

उत्तर: ओके

पुन्हा वाचलं. डोळ्याबद्दलच आहे. या वेळी पूर्णविरामही नाही.