लाल खुणेवरची काळी टेप

प्रिय दादा,

पत्र 'प्रिय'पासून सुरू करायची रीत आहे म्हणून तसं लिहिलं, त्यावरून हुरळून जाऊ नकोस. फोनच केला असता, पण माझा आवाज चढला की तू 'आधी शांत हो, मग बोलू' म्हणून ठेवून देतोस. कागदाला शांत हो म्हणता येत नाही. तेव्हा बस आणि शेवटपर्यंत वाच. वहिनीला वाचून दाखवायचं की नाही, ते तुझं तू ठरव.

तुझा निरोप मिळाला. पुढच्या आठवड्यात टेम्पो पाठवतोयस म्हणे. ज्या मोटरसायकलला बाबा 'म्हातारी' म्हणतात आणि आई होती तोवर 'माझी सवत' म्हणायची, ती आता तुझ्या सर्व्हिस सेंटरच्या नव्या इमारतीत काचेमागे उभी राहणार. खाली पितळेची पाटी, 'आमच्या वडिलांच्या हातची शेवटची गाडी'. पाटीवरचा मजकूर तू त्यांना फोनवर वाचूनही दाखवलास, आणि ते 'छान आहे, घेऊन जा' म्हणाले. मी शेजारीच भाजी निवडत होते. बाप धडधाकट बसलेला असताना त्याच्या हातचं काहीतरी 'शेवटचं' म्हणून पितळेत कोरून घ्यायला छाती लागते. ती तुला पहिल्यापासून आहे.

तू विचारलं नाहीस, तरी बाबा कसे आहेत ते सांगते. तब्येत चांगली आहे. डॉक्टरांना त्यांच्यात काही सापडत नाही. फक्त ते काही करत नाहीत. ज्या माणसाने आयुष्यभर आख्ख्या गल्लीच्या गाड्या, पंखे, मिक्सर दुरुस्त केले, तो आता स्वयंपाकघरातला बल्ब गेला की मी कामावरून येईपर्यंत तसाच बसून राहतो. बदलायचा की, म्हटलं तर म्हणतात, नको बाई, माझ्या हातून उलटंसुलटं व्हायचं. बल्बमध्ये काय उलटंसुलटं होणार? गॅस बंद केला का, हे मला तीन-तीनदा विचारतात आणि तो त्यांनी स्वतःच बंद केलेला असतो. ज्या शेडमध्ये त्यांनी ही सगळी दुरुस्ती केली, तिची किल्ली त्यांनी त्या दिवशी, तुझी गाडी कोपऱ्यावरून वळली तशी माझ्या हातात दिली. मी मागितली नव्हती.

त्या दिवसावर येण्याआधी थोडं मागचं. लहानपणी शेडमध्ये आपण दोघंही असायचो, हे तुला तुझ्या सोयीपुरतं आठवत असेल. तुझ्या हातात पाना, माझ्या हातात टॉर्च. थोरल्याने शिकायचं आणि धाकटीने उजेड धरायचा, असं कोणी ठरवलं नव्हतं, पण होतं तसंच. उजेड धरणाऱ्याला सगळं दिसतं, हे तुम्हा दोघांच्याही कधी डोक्यात आलं नाही. बाबा वायरचा जोड कसा पिळतात, टेप कशी ताणून गुंडाळतात आणि शेवटी ब्लेडने कशी सरळ कापतात, ते मी तिथेच पाहिलं. तू टेप दातांनी तोडायचास. दर वेळी बाबा करवादायचे, दात जेवायला असतात रे. तू हसायचास आणि पुढच्या वेळी परत तेच करायचास. आज मी लिफ्टच्या वायरिंगची कामं करते आणि माझ्या खिशात कायम ब्लेड असतं. तुझ्या हाताखाली आता माणसं आहेत, तुला टेप हातात धरायची वेळही येत नसेल.

आता तो दिवस. म्हातारी कित्येक वर्षांनी नवा रंग लेऊन उभी होती आणि जुन्या गाड्यांची हौस असलेली मंडळी तिला बघायला येणार होती. बाबांचे पाय जमिनीवर नव्हते. तू आदल्या संध्याकाळी भेट म्हणून नवी बॅटरी घेऊन आलास आणि मुक्कामाला राहिलास. सकाळी मला तातडीचं बोलावणं आलं, एका इमारतीत लिफ्ट अडकली होती आणि आत माणसं होती. परत आले तोवर आपल्या दारात गर्दी जमली होती. बाबा नवा शर्ट घालून म्हातारीवर बसलेले. एका किकमध्ये ती सुरू झाली. दिवा लागला, हॉर्न वाजला, टाळ्या पडल्या. बाबांनी मूठ जरा पिळली आणि टाकीखालून धूर आला. त्यांनी चावी बंद केली तरी थांबेना. तू पक्कड घेऊन धावलास, बॅटरीची एक वायर तोडलीस, मग धूर थांबला. सगळ्यांनी तुझी पाठ थोपटली. टाकीचा रंग फोडासारखा फुगला होता आणि बाबा हातातल्या चावीकडे खुळ्यासारखे बघत होते. कोणीतरी विचारलं, बॅटरी कोणी जोडली होती? तू बाबांच्या खांद्यावर हात ठेवलास, किती मायेने, आणि म्हणालास, "बाबा, सकाळी तुम्हीच नाही का जोडलीत? विसरलात?"

बाबांनी आपल्या हातांकडे पाहिलं. "असेल," म्हणाले.

तेवढा एक शब्द, आणि तिथून पुढे सगळं ढासळलं. मंडळी चहा न घेताच पांगली. तू जाताना शेडमधल्या तेलाच्या जुन्या डब्यांबरोबर ती बॅटरीही उचलून नेलीस, वाटेत भंगारात टाकतो म्हणालास. मला तेव्हा वाटलं, दादा किती समजूतदार. बाबांना नंतर मी कितीदा विचारलं. सकाळी दाढी केलेली त्यांना आठवत होती, वहिनीने दिलेल्या शर्टाचं वरचं बटण घट्ट होतं तेही आठवत होतं, बॅटरी जोडलेली मात्र आठवत नव्हती. म्हणजे डोकं कामातून गेलं, असा त्यांनी हिशोब लावला. जे केलंच नाही ते आठवत नाही, म्हणून एक शहाणा माणूस स्वतःला वेडा ठरवून बसला. आणि तू दर फोनवर विचारतोस, बाबा, बदाम खाता ना? जखमेवर मीठ चोळायचं ते चोळायचं, वर बदामही.

मी म्हातारीला हात लावला तो काही तुझा शोध घ्यायला नव्हे. बाबांनीच कुठेतरी चूक केली, हे मलाही पटलेलं होतं. ती शोधून, दुरुस्त करून गाडी सुरू करावी, म्हणजे ते निदान शेडमध्ये पाय ठेवतील, एवढंच मनात होतं. रविवारी सकाळी टाकी उतरवायची, एकेक वायर टेस्ट लॅम्पने बघायची, पुढच्या रविवारी परत तेच. मी धरून चालले होते की टाकीखाली एखादी वायर घासून उघडी पडली असणार आणि बॉडीला टेकली असणार. तशी जागाच मिळेना. हेडलाइटची वायर कोरी करकरीत, हॉर्नची तशीच, ब्रेकच्या दिव्याचीही. जळली होती ती फक्त डायनॅमोपासून बॅटरीपर्यंतची वाट, तीही या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखी. कुठे एका जागी टेकून जळलेली वायर अशी दिसत नाही. मग कटआउटची डबी उघडली. डायनॅमोला बॅटरीशी जोडणारे आणि तोडणारे ते दोन इवलेसे पॉइंट एकमेकांत वितळून एक झाले होते. चावी बंद करून धूर का थांबला नाही, ते तेव्हा कळलं.

बॅटरी उलटी जोडली होती, दादा. आताच्या गाड्यांत मायनस बॉडीला असतं, म्हातारीच्या काळातल्या कित्येक गाड्यांत प्लस बॉडीला असायचं. उलटी जोडली तरी दिवा लागतो आणि हॉर्न वाजतो, त्यामुळे जोडणाऱ्याला वाटतं, झालं आपलं काम. इंजिन जोरात फिरलं, कटआउट लागला की मग डायनॅमो आणि बॅटरी दोघं मिळून वायर जाळतात. पण बाबा तिच्यात प्लस-मायनसची गफलत करतील? आपल्या दोघांच्या जन्माआधीपासून ती गाडी त्यांच्याकडे आहे. बॉडीला जाणाऱ्या वायरीवर तर त्यांनी लाल रंगाचा पट्टाच ओढला होता, लाल म्हणजे प्लस, म्हणजे दुसऱ्या कोणी हात लावला तरी चुकू नये. मी सीट काढली आणि ती वायर, जाड म्हणून न जळता राहिलेली, काजळीतून पुसून घेतली. पट्टा दिसेना. त्याच्यावर काळी टेप गुंडाळलेली होती, आणि टेपेचं टोक दातांनी तोडलेलं होतं.

बाबांनी ते केलं असेल असं म्हणू नकोस. त्या दिवशीचा फोटो काढून बघ. ते तोंड मिटून हसतायत, कारण समोरचे दात त्याच महिन्यात काढले होते आणि कवळी अजून आली नव्हती. त्यांना पावसुद्धा चहात भिजवून खावा लागत होता, ते टेप कसली तोडतायत!

तुला लाल पट्टा दिसला होता. तो दिसला म्हणूनच तू तो झाकलास. म्हातारा चुकला, आपण सुधारू, असं तुला वाटलं. रोज नव्या गाड्या हाताखालून जातात ना तुझ्या. बाबा भिंतीपलीकडे दाढी करत होते. 'बाबा, हे लाल कसं काय?' एवढं ओरडून विचारलं असतंस तर साबण लावलेल्या तोंडाने त्यांनी सांगितलं असतं. पण विचारायचं म्हणजे माहीत नाही असं दिसणार! बरं, चूक कोणाच्याही हातून होते. मी एकदा एका लिफ्टचं वर आणि खाली उलटं जोडलं होतं, लोक अजून हसतात. चुकीबद्दल मी तुला एक शब्द बोलले नसते. पण धूर निघाल्यावर तुला कळलं होतं. कळलं म्हणून तर बॅटरी उचलून नेलीस. आणि त्याआधी, सगळ्यांसमोर, बापाच्या खांद्यावर हात ठेवून त्याची आठवणच त्याच्याकडून काढून घेतलीस. करून सवरून नामानिराळा. ह्याचा मला किती राग आहे, ते लिहायला बसले तर हा कागद पुरायचा नाही.

मी ती वायर तशीच उचलून बाबांकडे नेली. सगळं समजावून सांगितलं, कटआउट दाखवला, टेपेचं टोक दाखवलं. माझा आनंद पोटात मावत नव्हता. वाटलं, आता उठतील, शिव्या घालतील तुला, शेडमध्ये जातील. त्यांनी वायर हातात घेतली, टेपेवरून अंगठा फिरवला आणि परत माझ्या मांडीवर ठेवली. म्हणाले, "मला बरं वाटावं म्हणून बोलतेस, बाई. त्याच्या हातून असं व्हायचं नाही. त्याला मी शिकवलंय."

मला कोणी शिकवलं, हे मी विचारलं नाही. ओठांवर आलं होतं. आपलेच दात, आपलेच ओठ. चहा ठेवायला उठून गेले.

तेव्हा हे पत्र तुला दोष द्यायला लिहिलेलं नाही. तो दिला, आणि देताना बरं वाटलं, ते लपवत नाही. पण लिहिलंय ते तुझ्याकडे काम पडलं म्हणून, आणि हे लिहिताना माझे दात किती आवळले गेलेत ते तुला कळायचं नाही. मी म्हातारी पूर्ण केली आहे. वायरिंग नवं, कटआउट नवा, टाकी पुन्हा रंगवून घेतली. नवी बॅटरीही आणून ठेवली आहे. फक्त बॉडीची ती वायर जोडलेली नाही, आणि तिच्यावरची तुझी टेप मी काढलेली नाही. टेम्पो पाठवू नकोस, तू ये. बाबांना शेडमध्ये नेऊन स्टुलावर बसव आणि त्यांच्यादेखत ती टेप तुझ्या नखांनी सोडव. मग सांग त्यांना, की सकाळी बॅटरी मी जोडली होती, तुम्ही नाही. एवढं एकच वाक्य, खाली बघून म्हटलंस तरी चालेल. त्यानंतर गाडी काचेमागे ने नाहीतर घराच्या गच्चीवर ने, मी आडवी येणार नाही. तेच वाक्य मी त्यांना किती वेळा सांगून पाहिलं. माझ्या तोंडून ते त्यांना खरं वाटत नाही. तुझ्या तोंडून खोटंसुद्धा खरं वाटलं होतं.

टॉर्च मी धरीन.

तुझीच, नाइलाजाने का होईना,
धाकटी