दुसऱ्या जोडीपाशी

४ नोव्हेंबर, सौंसर

अंकुर आणि प्रणाली आले! दिवाळीला सुटी भेटली नाही, तर आता. दोघं एकाच विमान कंपनीत — पोरगा दिल्लीच्या हापिसात, सून विमान चालवते. साधंसुधं नाही. मोठं, मधातून दोन गल्ल्या असणारं, लंडनपावेतो जाणारं. उजवीकडच्या, दुय्यम पायलटच्या खुर्चीत बसते. पांढुर्ण्याची पोरगी!

अंकुरची माय तिचे हात पाहत बसली. "एवढुशा हातानं?"

"कासरा ओढाले जोर लागते, आई. याले नाही लागत."

५ नोव्हेंबर

बगीच्यात संत्र्याची तोडणी चालू. अंकुरला विचारलं, तू हापिसात करतं तरी काय? म्हणे, कोणतं मोठं विमान घ्यायचं ते ठरवतो. मी म्हटलं, त्यात काय ठरवायचं, चांगलं असन ते घ्यायचं!

हसला. क्रेट उलटा करून बसला.

"चांगलं असं काही नसते, बाबूजी. कोणत्या रस्त्यावर न्यायचं, ते पहिले. तेवढ्या सीटा रोज भरतीन का? नाही भरल्या तर रिकाम्या गोठ्याले चारा घालणं झालं. मग एका सीटमागं तेल किती पिते. पोटात माल किती नेते. इंजिनवाला दुरुस्ती किती वर्षं अंगावर घेते. आणि भेटन कधी — आज सांगतलं तरी कितीक वर्षं नंबर लागत नाही."

मी म्हटलं, मग गोठ्यात जे आहे त्याच जातीचं घ्या ना. एका जुवाले दोन उंचीचे बैल जुपतात का?

"बराबर. पायलट तेच, सुटे भाग तेच. पण आपलं जुनं लय पिते."

पोराला माझ्या बोलण्यात काही तथ्य वाटलं, याचंच बरं वाटलं.

६ नोव्हेंबर

जेवताना बैलबाजाराच्या गोष्टी निघाल्या. उभी हयात दलाली केली, पोटात किती साचलं आहे! सांगितलं — जी जोडी घ्यायची, तिच्याकडं पाहायचं नाही. दुसऱ्या जोडीपाशी उभं राहायचं. दात पाहायचे, शेपूट उचलायची. इकडचा मालक आपोआप भावात उतरते.

अंकुर ताटावर हात थांबवून म्हणे, "आमी तेच करून राहिलो. विकणाऱ्या कंपन्या दोनच. दोघींलेबी आस लावून ठेवायची."

प्रणालीनं विचारलं, "मामाजी, मालक खोटं बोलून राहिला, हे कसं समजे तुमाले?"

सरळ विचारायचं — मारका आहे का? अन् तोंडाकडं नाही पाहायचं, हाताकडं पाहायचं. खोटं बोलणाऱ्याचा हात आधी बैलाच्या पाठीवर जाते.

केवढी हसली!

७ नोव्हेंबर

अंकुरनं मला गाडीत घालून रामाकोन्याला नेलं. काम काही नव्हतं. वाटेत बोलला.

निकाल आतल्या आत लागला आहे, सौदा होईपर्यंत बाहेर सांगायचा नाही. नवीन विमानं दुसऱ्या कंपनीची घेणार. जुनी भाड्याची होती, ती परत. नवीन यायला वेळ आहे, तोवर नव्या-नवख्या पायलटांना घरी बसवणार.

"अन् प्रणाली?"

"तीबी." समोर गाय आली, तिला वाचवून गाडी काढली त्यानं. गायीला वाचवलं!

वर हेही — आखातातल्या एका कंपनीनं प्रणालीला बोलावलं आहे. तिथं हेच जुनं विमान चालते. रविवारपर्यंत हो म्हणायचं.

मी म्हटलं, मग जाऊ दे ना पोरीले!

"बाबूजी, समजून घ्या. नवरा विमानं निवडणाऱ्या खात्यात अन् बायको जुन्या विमानावरून उडी मारून राहिली — नवीन विकणाऱ्याले समजाले काय लागते? समजलं का जुनी चालली, त्यानं भाव धरला. दाखवाले आमी अजून जुन्यावाल्याकडं, दुसऱ्या जोडीपाशी उभे आहो."

"बायको होय तुयी."

"म्हणूनच तर. आमच्या हिशेबात पायलट एक ओळ असते. तेलाच्या खालची." मग म्हणे, "तुमाले विचारन ती. तुमचं ऐकते. राहाय म्हणा."

८ नोव्हेंबर

सुनेनं माझ्या चष्म्याचा दांडा बसवून दिला. डोळ्यांवर चढवला, तर तिच्याकडं पाहवेना.

९ नोव्हेंबर, रविवार

तिला खरं सांगायचंच असं ठरवून उठलो होतो. देवाशप्पथ ठरवलं होतं.

दुपारी बगीच्यात संत्री निवडत होतो, लहान-मोठी वेगळी करून. ती येऊन बाजूला बसली. आखातातलं सगळं सांगितलं. "अंकुर म्हणते, आपली जुनी विमानं कुठी जात नाही. तुमी सांगा मामाजी. जाऊ का राहू?"

अंकुर वावराच्या धुऱ्यावर फोनवर बोलत उभा होता. आमच्याकडेच पाहून राहिला होता.

तिच्या पाठीवर हात फिरवला. म्हटलं, राहाय पोरी. घरदार सोडून कायले जातं? तुयं विमान कुठी जाते!

"बरं," म्हणाली. एक संत्रं सोलून दिलं मला. शिराही काढल्या सगळ्या, म्हाताऱ्याच्या दातात अडकतात म्हणून.

खाल्लं मी. गोड होतं!

१० नोव्हेंबर

गेले नागपूरला. पाया पडताना अंकुर कानात म्हणे, "तुमच्यानं झालं."

२ डिसेंबर

टीव्हीवर दाखवलं. मोठमोठे लोक हात मिळवून राहिले, मागं विमानाचं चित्र. जुन्या विमानांचं एक वाक्य, तेही घाईत.

अंकुरचा फोन — "लय उतरवलं बाबूजी! आखरीपर्यंत पत्ता नाही लागू दिला. आमचे साहेब विचारून राहिले, कुठी शिकला? मी म्हटलं, सौंसरच्या बैलबाजारात!"

प्रणालीला सांगितलं का?

"आज तिले कंपनीतूनच समजन. रडन दोन दिवस."

अंकुरच्या मायनं शेजारी पेढे वाटले. तिला काय माहीत! मी दोन खाल्ले. नाही म्हणायला कारण सांगावं लागलं असतं.

३ डिसेंबर

प्रणालीचा फोन. आवाज कोरडा ठण्ण.

"मी त्याच रविवारी संध्याकाळी आखातवाल्यांले हो म्हटलं होतं. इकडच्यांनीच काढलं, आता नोटीसचीबी कटकट नाही. जानेवारीत चालली मी. एकटी. अंकुरले आज सांगतलं."

पोरी, तुले समजलं कसं?

"मी विचारलं, अन् तुमचा हात माझ्या पाठीवर आला."

मामाजी म्हटलं नाही तिनं. एकदाही.