टोळबाईचे गुडघे

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार (गुडघे आत वळू न देता वाकलो आहे, का ते पुढे कळेल). तुझी पाठ कशी आहे? भावोजींचा खोकला गेला असेल. नसेल तर त्यांनीच कौतुकाने ठेवून घेतला असेल. इकडे सगळं ठीक. ठीक म्हणजे तुझी लेक माझ्याशी बोलत नाही, तिची मामी जरा जास्तच बोलते, आणि मी अजून धक्क्यातून सावरलेलो नाही.

काल तू फोनवर खडसावलंस, की माझ्या पोरीला अंतिम सामन्यात बाकावर बसवणारी ही कोचबाई कोण लागून गेली, तिला जाब विचार. विचारतो. पण आधी ऐक.

मी पहिल्यांदा त्यांचा सराव बघायला गेलो तेव्हा दारातच हबकलो. बास्केटबॉलचा हॉल आणि चेंडू कुठेच नाही! निम्म्या पोरी एका पायावर उभ्या, निम्म्या बाकावरून खाली उड्या मारतायत, आणि कोचबाई भिंतीकडे तोंड करून, डोळे मिटून उभी. मला वाटलं, हिला चक्कर आली. तर बाई म्हणे ऐकत होती. धप्प आवाज आला की मागे न बघताच "पुन्हा" म्हणायची. गुडघे वाकवून, पावलांच्या रेषेत ठेवून उतरलं की आवाज होत नाही आणि गुडघाही शाबूत राहतो, असं तिचं म्हणणं. मी म्हटलं, पोरींना खेळायला पाठवलंय की घरफोडीला? तिने शांतपणे मला बाकावर चढवलं. मी उडी मारली. शेजारच्या खोलीतला पहारेकरी कपाट पडलं की काय म्हणून धावत आला.

तुझी टोळबाई (नाव तूच ठेवलंस, पाळण्यातून उडी मारली म्हणून) हे सगळं चुकवायची. चेंडू बाहेर निघाल्यावर हजर. म्हणायची, "मामा, मला काय उड्या शिकवणार ही?" मलाही ते पटायचं. कार्टी उडते काय सुरेख! पण ताई, उडणं वेगळं आणि उतरणं वेगळं, हे मला उपांत्य सामन्यात कळलं.

समोरच्या संघातली एक उंच पोर चेंडूसाठी उडाली, उतरली, वळली आणि मटकन खाली बसली. मी खुर्चीवर चढून "ढकललं, ढकललं" ओरडत होतो (आपल्याच पोरींच्या विरुद्ध, हे मामीने नंतर दाखवून दिलं). पंच म्हणाले, हातभर अंतरातसुद्धा कोणी नव्हतं. कोणी हात लावला नव्हता गं तिला! गुडघा धरून ती आईला हाका मारत होती. गुडघ्याच्या आतला अस्थिबंध, ते लिगामेंट म्हणतात ना, ते तुटलं. आता शस्त्रक्रिया, आणि वर्षभर खेळ बंद. माझा जन्म दारं बसवण्यात गेला. बिजागरी उघडमिटीसाठी असते, पिळली की गेली, हे मला माहीत. पण माणसाची अशी जाते?

दुसऱ्या दिवशी कोचबाईने फोनवर टोळबाईच्या उडीचं चित्रीकरण दाखवलं. अगदी सावकाश. उतरताना तिचे दोन्ही गुडघे हरवलेल्या बहिणींसारखे एकमेकांकडे धावतात. त्या पोरीचेही तसेच गेले होते. म्हणून ती बाकावर आहे, ताई, आणि मी कोचबाईशी भांडलो नाही म्हणून माझ्यावर रुसली आहे. आता रोज सराव करते, रडते, पुन्हा करते. काही आठवडे लागतील म्हणतात.

मोठ्यांना नमस्कार, धाकट्यांना सावकाश उतरायला सांगणे.

तुझा धाकटा

ता. क. आज सकाळी ती पोटमाळ्याच्या शिडीवरून उडी मारून माझ्या मागे उभी राहिली, तरी मला कळलं नाही. वळलो आणि दचकून हातातलं दुधाचं पातेलं सोडलं. सांडलेल्या दुधाचा एवढा आनंद मला जन्मात झाला नव्हता. (मामीला झाला नाही.)

आणखी ता. क. कोचबाईला जाब विचारू नकोस. ती बिचारी पोरीला शेवटची थोडी मिनिटं तरी खेळवणार होती. मीच हात जोडले, की नका हो, माझ्या बहिणीची एकुलती एक आहे. पोरीला हे माहीत नाही. तिला सांगायचं धाडस मला होत नाही, तेवढं तू येऊन सांग. भांडायचं तर माझ्याशी भांड. फक्त रागाच्या भरात बसमधून उडी मारू नकोस. ते गुडघे तिने तुझेच घेतलेत.