भावाच्या नावाची पाटी

अ‍ॅलिस स्प्रिंग्ज, ४ मार्च

चि. डल्सीस, ताईचे भरभरून आशीर्वाद.

ठरलं एकदाचं. एकवीस तारखेला आपल्या वस्तीत डायलिसिस सुरू होतंय आणि पहिल्या चौघांत मी आहे. चार वर्षं या शहरात आठवड्यातून तीनदा यंत्राला बांधून घेतलं. आता सुया टोचायच्याच, पण आपल्या माणसांत.

आम्ही पेशंटांनीच समिती काढली, चित्रं रंगवून विकली, आरोग्य खात्याच्या दारात चपला झिजवल्या. आता मंत्री फीत कापणार आणि खातं म्हणणार, आम्ही केलं. म्हणू दे मेल्यांना. समिती ज्यानं उभी केली तो आपला भाऊ जानेवारीत गेला, एवढंच सलतं.

कांगारूचं शेपूट निखाऱ्यात पुरून ठेव. मागच्यासारखं करपवू नकोस.

माया आहेच, ती वाढव.
मेव्हिसताई

वस्ती, ११ मार्च

ती. ताईस सा. न., पण रागात.

खात्याची माणसं परवा दवाखान्यावर पाटी लावून गेली. हातभर अक्षरांत भावाचं नाव, वर त्याचा हसरा फोटो. गेलेल्याचं नाव आपण आदिवासी तोंडानंही घेत नाही आणि यांनी ते दारावर ठोकलं. वहिनीनं पाटी बघितली आणि दारातूनच मागे फिरली. पोरांना घेऊन माहेरी निघून गेलीय. म्हाताऱ्या त्या रस्त्यालाच फिरकत नाहीत. यंत्र आलं खरं, पण आत पाय कोण ठेवणार?

साहेबाला फोन केला. म्हणे, हा तर सन्मान आहे, आणि कागदावर तुमच्याच बहिणीची सही आहे. ताई, शहरात राहून रीतभातही विसरलीस का? उत्तर दे.

लोभ आहे, पण आज मागू नकोस.
डल्सी

अ‍ॅलिस स्प्रिंग्ज, १८ मार्च

चि. डल्सीस, आशीर्वाद.

सही माझीच. गेल्या थंडीत केली, तेव्हा भाऊ शेजारच्या खुर्चीत यंत्रावर होता. हसून म्हणाला, "लावा, पण मी चालता-बोलता आहे तोवरच." साहेबानं ते ऐकलं होतं. कागदावर काही ते उतरलं नाही, आणि मी न वाचताच सही केली. त्यासाठी मला हव्या तेवढ्या शिव्या घाल.

काल आम्ही अकरा पेशंट खात्यात गेलो, तिघं चाकाच्या खुर्चीत. साहेबानं मोठे मग भरून कॉफी मागवली. आम्ही दिवसाचं पाणी घोटाघोटानं मोजून पितो, हे त्या शहाण्याला अजून ठाऊक नाही. म्हणाला, पाटी काढायची तर नवी मंजुरी, नवा समारंभ, म्हणजे थंडी संपल्यावर, सप्टेंबरात. नाहीतर आहे तशी राहू द्या आणि एकवीसला घरी जा. हे सगळं गोड हसत. माझ्या अंगाची लाही लाही झाली. मी म्हटलं, "पाटी काढा. मी थांबते." पहिल्या चौघांतल्या उरलेल्या तिघांनीही तेच सांगितलं.

बाहेर येऊन रडले, तुझ्यापासून काय लपवू? पाटी उद्या उतरेल. वहिनीला निरोप धाड, घरी ये म्हणावं.

डॉक्टर म्हणतात, माझं हृदय थकलंय. ही थंडी निघेलच असं नाही. मी गेले तर साहेब माझ्या नावाची पाटी घेऊन येईल, त्याला मी पुरती ओळखते. दारात उभी राहा आणि पाटीसकट हाकलून दे.

राग निवला की लोभ कर.
तुझी ताई