मऊ कप्प्यांतली नाणी

हा कागद लिहायला मला फार उशीर झाला, त्याची माफी पहिल्याच ओळीत मागतो. दर वर्षी पावसाळा सरला की बसू म्हणायचो, आणि पावसाळा सरला की दुसरेच काही निघायचे.

मी, इसाउरो लागुनेस मोरा, वय त्र्याऐंशी, पूर्वीचा धंदा वह्या-कागदांचे दुकान, राहणार वेराक्रूझ बंदर, जकात कचेरीमागची गल्ली, असे लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे. छातीत धडधड होते, पण ती लहानपणापासूनच होते. कोणी धाक घातलेला नाही की लालूच दाखवलेली नाही. शाळा चार इयत्तांची झाली, तेव्हा कायद्याचा शब्द चुकला असल्यास अर्थ धरावा. यापूर्वी लिहिलेले दोन कागद रद्द समजावेत. दोन्ही अर्धवटच आहेत.

कलम एक. घर आणि बँकेत असेल ते माझी मुलगी नेरेइदा हिचे. उत्तरेचा वारा सुटला की मागच्या खिडकीच्या फटीत कापड कोंबावे लागते, हे ती विसरते. मला तिच्या आईशेजारी, ओतिलियाशेजारी पुरावे. शवपेटी बंद करण्याआधी माझा श्वास दोनदा तपासावा, आणि दुसऱ्यांदा तो नेरेइदाने तपासावा.

कलम दोन. कागद कापायचे पाते व मोठी कात्री बेकरीवाला आबुंदियो मालपिका याला द्यावी. त्याच्या माडीवर आमचे नाणीमंडळ चाळीस वर्षे दर रविवारी फुकट बसले. दुकानातली लहान इस्त्री मात्र कोणालाही देऊ नये. ती मोडून टाकावी. कारण पाचव्या कलमात आहे.

कलम तीन. जावई रुतिलियो याने माझ्या सत्तराव्या वाढदिवसाला कपाटातले एक चांदीचे नाणे काढून दाताच्या पेस्टने घासले आणि केकशेजारी ठेवले.

"बघा मामा, कसं चकाचक केलं."

"ते चकाकतच होतं रे."

"मग आता जास्त चकाकतंय."

ते नाणे त्यालाच द्यावे, सोबत तो दातांचा ब्रशही. मी जपून ठेवला आहे. राग पूर्ण गेलेला नाही, पण माणूस वाईट नाही. त्याला माझा रेडिओही द्यावा.

कलम चार. मंडळाला माझी पुस्तके, भिंग आणि मखमलीची तबके. नवीन येणारे विचारतात की प्रूफ नाण्यात हौशी माणसाला काय गोडी. त्याचे उत्तर मी इथे लिहून ठेवतो, म्हणजे माझ्यामागे कोणी भलतेच सांगणार नाही. हे नाणे बाजारासाठी पाडत नाहीत. ठसा आणि चकती घासून आरशासारखी करतात, एकाच चकतीवर एकापेक्षा जास्त वेळा दाब देतात, आणि नाणे हातमोजे घालून उचलतात. चित्रामागची सपाट जमीन आरसा होते, आणि वरचे चित्र पिठासारखे पांढरे. खिडकीपाशी धरून कलते केले की जमीन काळी होते आणि चित्र उठून येते. पुन्हा कलते केले की आपलेच तोंड दिसते. श्रीमंत होण्यासाठी कोणी हे घेऊ नये, बहुतेकांची किंमत फारशी वाढत नाही. पण ज्याच्या हातून आयुष्यात एकही गोष्ट बिनडागाची पार पडली नाही, त्याला ते बघत बसावेसे वाटते. मला वाटले.

मंडळात याला एकच विरोधक होता, फिदेन्सियो उस्कांगा. गोदीत क्रेन चालवायचा. तो नेरेइदाचा बाप्तिस्म्याच्या वेळचा धर्मपिता, म्हणून आम्ही एकमेकांना कोंपाद्रे म्हणतो. तो झिजलेली नाणी जमवायचा, जितकी जास्त झिजलेली तितका खूश.

"कोंपाद्रे, तुझ्या या नाण्यानं जन्मात एक अंडं तरी विकत घेतलंय का?"

"घ्यायचं नसतंच."

"मग ते नाणं कसलं, नवरीचा फोटो आहे तो."

शहाऐंशी साली फुटबॉलचा विश्वचषक आमच्या देशात झाला, तेव्हा त्याची चांदीची प्रूफ नाणी निघाली. मी त्याला एक नाणे खिडकीपाशी धरून दाखवले. त्याने ते मला पुन्हा पुन्हा कलते करायला लावले. मग त्याने तीन नाण्यांचा संच घेतला. गोदीच्या पगारात ते सोपे नव्हते.

कलम पाच. हे कलम लिहायचे म्हणून उशीर झाला.

सत्त्याऐंशी साली मी मऊ प्लास्टिकचा एक गठ्ठा घेतला, टेबलावर पसरतात तसला. नव्या बुटांसारखा वास यायचा त्याला. त्याचे तुकडे कापून, कडा त्या लहान इस्त्रीने चिकटवून मी नाण्यांचे कप्पे केले आणि मंडळात विकले. मी अध्यक्ष होतो, सगळ्यांनी घेतले; बाकीच्यांनी त्यांत साधी नाणी ठेवली, फिदेन्सियोने आपला संच. माझी नाणी मात्र टांकसाळीच्या कडक डब्यांतच राहिली. तेव्हा त्यात लबाडी नव्हती, डब्यातून काढायचीच मला भीती वाटायची. एकच नाणे कप्प्यात ठेवले होते. दुसऱ्या पावसाळ्यात त्यावर हिरवट चिकट थर आला. मला समजले, हे प्लास्टिकचे काम. मी ते नाणे मागच्या खणात टाकले आणि तोंड बंद ठेवले.

पुढच्या रविवारी फिदेन्सियो आपला संच रुमालात घेऊन आला. तिन्ही नाणी हिरवी.

"हे काय झालं रे?"

"समुद्राची हवा," मी म्हणालो. "लिंबू आणि सोडा लावून पूस."

त्याने पुसले. हिरवे गेले, आणि त्याबरोबर आरसाही गेला. पुन्हा आला तेव्हा त्याने दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवले.

"कोंपाद्रे, हवा नव्हे, हे हात आहेत. तीस वर्षं क्रेनचं ग्रीस मुरलंय यांत. हातमोजे घातले तरी पाझरतंय. ही नाणी माझ्यासारख्याच्या हातांसाठी नाहीत."

मी म्हणालो, "असेल."

एवढा एकच शब्द. त्यानंतर तो मंडळात आला नाही. बहिणीकडे आल्वाराडोला राहायला गेला. नेरेइदाच्या लेकीच्या बाप्तिस्म्याला मात्र आला. नेरेइदा त्याच्याकडे बाळ द्यायला लागली तर त्याने हात मागे घेतले. "नको पोरी, माझ्या हातानं वस्तू खराब होतात," असे हसत म्हणाला. सगळे हसले. मीही हसलो.

म्हणून लिहून ठेवतो, आणि हे मंडळात मोठ्याने वाचावे: फिदेन्सियो उस्कांगाच्या हातांत काही दोष नाही. दोष माझ्या प्लास्टिकचा होता. मला तो माहीत होता.

कलम सहा. माझा विश्वचषकाचा संच, तीन नाणी, डबा न उघडलेला, फिदेन्सियोला. आधी मी "माझ्या मृत्यूनंतर" असे लिहिले होते. म्हणजे मला त्याच्यासमोर उभे राहावे लागले नसते. ते शब्द खोडले आहेत आणि खोडल्याजागी सही केली आहे. संच व या कागदाची नक्कल घेऊन नेरेइदा उद्याच्या बसने आल्वाराडोला जाईल. ती म्हणाली, "बाबा, टपालानं पाठवा की." टपालाने नाही. संचासोबत हातमोजे देऊ नयेत. नाण्यांचे काय करायचे ते त्याने ठरवावे. अंडी घेतली तरी माझी हरकत नाही.

नोटरीच्या कचेरीतल्या माणसाने सांगितले की सहीबरोबर अंगठाही लागतो. चाळीस वर्षे मी नाण्यावर माझ्या बोटाचा ठसा उमटू दिला नाही. आज शाई लावताना हात थांबला, तेव्हा आबुंदियो म्हणाला, "लावा बिनधास्त, हे काही प्रूफ नाणं नाही." लावला. थोडा फिसकटला आहे, पण माझाच आहे.

सही: इसाउरो लागुनेस मोरा. शेजारी उजव्या हाताचा अंगठा.

साक्षीदार: आबुंदियो मालपिका, बेकरीवाला. त्याच्या सहीजवळचा डाग लोण्याचा आहे, तो खाडाखोड समजू नये.

साक्षीदार: एदेल्मिरा कोबोस, मंडळाची चिटणीस.

वेराक्रूझ बंदर, रविवार, १७ नोव्हेंबर २०१९.

कोंपाद्रे, खालच्या ओळी फक्त तुझ्यासाठी. नेरेइदासोबत तिची लेकही येते आहे. आता तीस वर्षांची आहे, तेव्हा उचलून घेता येणार नाही, पण तिचा हात हातात घे. मग रागाचा असो की कसला, निरोप तिच्याजवळच दे. लवकर दे, ती तिथूनच फोन करील. मी येत्या रविवारपर्यंत बेकरीच्या फोनपाशी बसून आहे.